जोडीतली दुसरी

सूनबाईनं काळपट पान पाटावर पसरलं, तळहातानं त्याच्या सुरकुत्या काढल्या आणि वाकड्या सुरीनं कड एका दमात कापली. पान मेक्सिकोहून आलेलं, जाड, हाताला किंचित तेलकट. आतली पानं तिनं आदल्या दिवशीच बांधून दाबून ठेवली होती. त्यांच्यावर हे पान तिरपं गुंडाळत ती टोकापर्यंत आली, डिंकाचं बोट फिरवलं आणि तयार सिगार पहिलीच्या शेजारी ठेवली. नवी सिगार चाचणीला जोडीनंच द्यायची, हा कारखान्याचा शिरस्ता. एक मास्तर सगळ्यांसमोर ओढत, दुसरी खिशात घालून वर घरी नेत आणि निकाल दुसऱ्या दिवशी सांगत.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. कुठल्या सिगारीत कुठलं पान किती घालायचं, हे चाळीस वर्षं त्यांच्याच शब्दानं ठरत आलेलं. सिगारीवर गुंडाळायचं जुनं पान पिकवणाऱ्यानं शेती बंद केली, तेव्हा सूनबाईनंच हट्टानं या मेक्सिकन पानाचा गठ्ठा मागवला होता. मास्तरांनी तोंड वाकडं केलं, पण सरळ सांगूनही टाकलं, की सिगार पास झाली तर मिश्रणाचं टेबल तुझं, नाही तर मुकाट्यानं खोकी भरायला बस. आणि दोन वर्षं खोकी भरून तर ती पार विटून गेली होती.

"तू ओढून बघितलीस?" मास्तरांनी सिगार हातात घेत विचारलं.

"नाही, बाबा."

सासऱ्यांसमोर दुसरं काय सांगणार, कपाळ! गेला महिनाभर दिवसाआड पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून तिनं सतरा सिगारी ओढल्या होत्या. पहिल्या तीन ओढताना तर खोकून खोकून जीव नकोसा झाला होता.

मास्तरांनी टोक कापलं, काडी लावली. सगळ्या टेबलांवरचे हात थांबले. त्यांनी डोळे मिटले, धूर तोंडात घोळवला, सोडला. राख बोटाच्या पेराएवढी वाढली तरी पडली नाही. सूनबाईचा जीव टांगणीला लागलेला.

"हं," मास्तर म्हणाले. "उद्या सांगतो."

आणि दुसरी सिगार खिशात घालून ते जिना चढून गेले.

आता उद्यापर्यंत धीर कुणाला! जेवणाची सुट्टी झाली तरी तिनं डबा उघडला नाही. तेवढ्यात टेबलावर मास्तरांचा चष्मा राहिलेला दिसला. बरं झालं, निमित्त मिळालं. चष्मा घेऊन ती वर गेली. घरात तंबाखूचा वास बारा महिने असायचाच, त्यामुळे मागच्या खोलीचं दार ढकलेपर्यंत तिला कसलीच शंका आली नाही.

सासूबाई खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. पाय स्टुलावर, डोळे मिटलेले, आणि बोटांत काळी सिगार. त्या अगदी सावकाश धूर सोडत होत्या. समोरच्या बाकड्यावर मास्तर गुडघ्यावर वही धरून, श्रुतलेखनाला बसलेल्या मुलासारखे वाट बघत होते.

तिला बघून मास्तर कानापर्यंत लाल झाले.

"आत ये आणि दार लाव," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आणलास चष्मा? केव्हाचे शोधतायत."

तिनं चष्मा दिला. मास्तरांनी तो मान खाली घालूनच घेतला.

"म्हणजे आई, इतकी वर्षं..."

"ह्यांना तिखट आणि कडू यातला फरकसुद्धा कळत नाही. हिशोबाला मात्र पक्के, आणि बोलायला धीट. चाललंय आमचं." सासूबाईंनी एक डोळा उघडला. "तू किती ओढल्यास?"

सूनबाईनं मास्तरांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सतरा."

सासूबाई खुदकन हसल्या. "वाटलंच. अंदाजानं बनवलेली नाही ही. पण काळं पान बघून घाबरलीस हो. शेंड्याचं पान काढून टाकलंस ना?"

ती चकित झाली. झाडाच्या शेंड्याची पानं सगळ्यांत कडक. काळ्या पानात ती घातली की सिगार डोक्याला चढते, असा कारखान्यात प्रत्येकाचा समज. तिच्या सोळाव्या सिगारीत ते पान होतं, आणि तीच सगळ्यांत छान लागली होती.

"घातलं होतं, आई. पण बाबांना जड जाईल म्हणून काढलं."

"ह्यांना विचारतंय कोण?"

सासूबाईंनी सिगार तिच्यापुढे धरली.

"धर. बस इथे. पुढचं तू सांग, मी थकले."

ती स्टुलाच्या कडेला बसली. झुरका नीट घेतला. खोकला आला नाही. धूर जिभेवर पसरला आणि सासरे समोर बसले आहेत, हे ती विसरूनच गेली. छातीत इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

"आधी कोकोसारखी गोडी येते," ती म्हणाली. "मग ओल्या मातीची चव. मिरी शेवटी यायला हवी, ती इथे कमी पडते. शेंड्याचं अर्धं पान परत घातलं की येईल."

सासूबाई मान डोलावत खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तरांनी चष्मा चढवला, वहीचं नवं पान उघडलं आणि पेन्सिल टेकवली.

"जरा सावकाश, बाई," ते म्हणाले. "मातीच्या आधी काय म्हणालीस?"