धूर आणि आवाज

"पॉप, किती?" लॅटिनच्या प्रोफेसर ड्रेटननी स्वतःच्या हातातल्या घड्याळाकडे न बघताच विचारलं.

"बावीस सेकंद, दोन ठोके," ऑरिन पेल म्हणाला.

"माझंही तेच."

पलीकडे गणिताचे प्रोफेसर उभे होते, त्यांनीही मान डोलावली. आमच्या हार्लो कॉलेजात वेळ अशीच घेतली जाई. नियमाप्रमाणे घड्याळं तीन असत. पण दोन प्रोफेसर मानापुरते, आणि वेळ पॉपची.

त्या घड्याळात एका सेकंदाचे पाच ठोके पडत. लायमन हास्कने दोनशेवीस यार्डांचा वीस वर्षांपूर्वीचा विक्रम दोन ठोक्यांनी मोडला होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन मैदानभर नाचवलं. व्यायामशाळेतल्या फळ्यावर आता त्याचं नाव सोनेरी अक्षरांत लागणार होतं, आणि ती अक्षरं रंगवायचं कामही पॉपचंच होतं.

ऑरिन पेल बत्तीस वर्षं आमच्या धावपटूंचे पाय चोळत आला होता. सगळे त्याला पॉप म्हणत, बाप या अर्थाने. स्वतःचं मूल त्याला नव्हतं. पगार बेताचा, कोट एकच, आणि अभिमान फक्त घड्याळाचा. सरळ धावपट्टीवर पिस्तूल सुटतं ते दुसऱ्या टोकाला. वेळ घेणाऱ्याने धूर दिसताच बटण दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही. आवाज तिथून यायला तीन ठोके लागतात. नव्या पोरांना तो हे दरवर्षी कंटाळा येईपर्यंत सांगे.

लायमन आमच्या मासिकाचा संपादक होता आणि मी उपसंपादक. वेग आणि लेखणी दोन्ही देवाने एकाच माणसाला द्यायला नको होतं. मला त्याचा हेवा वाटे, ते कशाला लपवू? शर्यतीनंतर त्याने पॉपवर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'या माणसाचा डोळा कानासाठी कधी थांबत नाही.' ते मला इतकं आवडलं, की मीच ते उचलून लेखाच्या सुरुवातीला नेलं.

अंक पॉपच्या घरी पोचला. पुढचं मला त्याच्या बायकोने, हेटीने, पुष्कळ वर्षांनी सांगितलं. रविवारची सकाळ होती. आदल्या दिवशीचा भाजलेला घेवडा पुढ्यात घेऊन दोघं बसली होती.

"तूच वाच की, तुझ्यावरच आहे," हेटी म्हणाली.

"चष्मा सापडत नाहीये."

"नाकावर आहे तो."

पॉपने अंक तिच्याकडे सरकवला. मग हेटीनेच वाचायला घेतलं. ते वाक्य आलं तसा त्याने चमचा खाली ठेवला.

"हेटी, मला धूर दिसला नाही."

"कसला धूर?"

"लायमनच्या शर्यतीला. डोळे फाडून बघत होतो. नुसतं पांढुरकं. आवाज आला तेव्हा बटण दाबलं."

"मग तिथेच सांगायचं ना!"

"पोरं नाचत होती गं. आणि सांगितलं असतं तर घड्याळ गेलं असतं हातातून."

"आणि आता सांगितलंस तर?"

"आता जाईल. खा तू, गार होतंय."

सोमवारी मालिशच्या खोलीत लायमन पालथा पडला होता. मी बाकावर मुद्रितं तपासत बसलो होतो. पॉपने पोटरी चोळता चोळताच सांगितलं.

"पोरा, तुझी वेळ तेवीस आहे. पुरती तेवीस. मी आवाजावर दाबलं."

लायमन हसला. मग उठून बसला. "थट्टा करता काय? तीन घड्याळं होती, पॉप!"

"घड्याळ एकच होतं. बाकीच्या दोघांनी माझं ऐकून सांगितलं. तुला ठाऊक आहे ते."

"मग गप्प का नाही बसलात? कुणाच्या बापाला कळलं असतं?"

"आठ दिवस बसलो होतो."

"आणि तो लेख? छापून मोकळा झालोय मी! अख्खं कॉलेज हसेल मला!"

"शर्यत तू जिंकलासच. ती कुणी काढून घेत नाही. पालथा हो, डावी पोटरी राहिलीय."

लायमन पालथा झाला नाही. टॉवेल गुंडाळून तो निघून गेला. पॉप तेलाचे हात पुसत राहिला. त्याच्या बाजूने दोन शब्द बोलावेत असं मला फार वाटलं, पण मी मुद्रितात डोकं घालून बसलो. त्याची लाज अजून गेलेली नाही.

फळ्यावरचं नाव पॉपने स्वतःच टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढलं. जूनमध्ये लायमन पदवी घेऊन गेला, जाताना पॉपला भेटला नाही.

पुढच्या वसंतात मी शर्यती बघायला कॉलेजात गेलो. पॉप प्रेक्षकांत, शेवटच्या बाकावर बसला होता. घड्याळ रसायनशास्त्राच्या एका तरुण मास्तरकडे होतं. मी पॉपच्या शेजारी जाऊन बसलो. त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि धावपट्टीच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघायला लागला.

मला धूर दिसला. पॉप अजून बघतच होता. मग आवाज आला, आणि त्याच्या कोटाच्या रिकाम्या खिशात अंगठा दाबला गेला.