चौदा तारखेचा रविवार

टक्.

घर अगदी गप्प होतं, म्हणून एवढासा आवाजही मोठा वाटला. दचकू नका मित्रांनो, तो मीच. टीव्हीखालच्या फळीवर बसलेला, उजव्या कोपऱ्यात चरा पडलेला एक जुना व्हीसीआर. टायमरची वेळ झाली की माझ्या पोटातली चाकं टक् करून कॅसेटला धरतात आणि माझा लाल दिवा लागतो.

काल, शनिवारी सकाळी नऊ वाजता तो लागला. स्वयंपाकघरात डबा भरणाऱ्या सुलेखाने तो आवाज ऐकला, ओला हात छातीवर ठेवला आणि म्हणाली, "लागला बाई एकदाचा."

आणि मी भीतीने गारठून गेलो. कारण जी मॅच टेप करायची होती ती शनिवारी नव्हतीच. ती होती रविवारी. मला ते ठाऊक होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझा एकेक स्क्रू हलक्या हाताने बसवला. टोकियोच्या फुनाबोरी भागातल्या ह्याच इमारतीत एक आजोबा राहत, त्यांनी मला विकत आणलं. ते रोज मऊ फडक्याने माझी पाठ पुसत. पुढे त्यांच्याकडे चपटा, चंदेरी डीव्हीडी प्लेअर आला. मग एका सकाळी माझ्या कपाळावर, मोठ्या वस्तू टाकून देताना इथे लावतात ते कचऱ्याचं स्टिकर लागलं आणि मी खाली, कचरा ठेवायच्या जागी, एका मोडक्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. मित्रांनो, स्टिकर लागलेल्या वस्तूकडे कुणी बघत नाही. कचऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसायचं, एवढंच उरतं.

गाडीच्या आधी अंबरीष आला. पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर, टोकियोत तीन वर्षांच्या कामावर आलेला. त्याने आजोबांना खाणाखुणांनी विचारलं. आजोबांनी कमरेत वाकून मला त्याच्या हाती दिलं, वर रिमोटही आणून दिला.

"अरे, इंजिनिअर ना तू? कचऱ्यातून उचलून आणतोस?" त्याची बायको सुलेखा दारातच म्हणाली.

"कचरा काय! सोनं आहे सोनं. आता मला माझ्या मॅचेस मिळतील."

अंबरीष दोन वर्षं अमेरिकेत शिकला होता. तिथून तो कॉलेजांच्या फुटबॉलचं वेड घेऊन आला होता. ह्या फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी. हेल्मेट घातलेली धिप्पाड मुलं बदामाच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून पळतात आणि बाकीची त्यांच्यावर जाऊन आदळतात. तिथे शनिवारी संध्याकाळी सुरू झालेली मॅच इथे रविवारी सकाळी नऊला दिसते. पण रविवारी सकाळी अंबरीष बहुतेक वेळा ऑफिसातच असायचा. म्हणून मी.

माझ्या पोटात कॅसेट एकच मावते. मॅचेस मात्र आठ-दहा. तेव्हा निवड करावी लागे. शुक्रवारी तो ऑफिसातून यादी छापून आणायचा आणि जेवणाच्या टेबलावर पसरून विचारायचा, "बोला मंडळी, ह्यातली सगळ्यात बघणेबल कुठली?"

त्याची स्वतःची मोठी शास्त्रीय पद्धत होती. दोन्ही संघ तुल्यबळ असले तर इतके गुण, पाऊस असला तर आणखी इतके. सुलेखाला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ती एवढंच विचारायची, "ह्यातले शेजारी शेजारी कोण?"

"हे दोघे. एका नदीच्या दोन काठांवर आहेत."

"मग हीच घे. शेजाऱ्यांइतकं मन लावून कुणी भांडत नाही."

आणि गंमत अशी की तिची मॅच दर वेळी शेवटच्या मिनिटापर्यंत रंगायची. निवड झाली की त्यांची सात वर्षांची लेक उत्तरा त्या नावापुढे लाल पेन्सिलीने फूल काढायची. इथल्या शाळेत बाई उत्तम अभ्यासावर तसं फूल काढतात, त्याला ती हानामारू म्हणते.

माझे ते सोन्याचे दिवस होते. नाही म्हणायला ऑगस्टमध्ये मी एक कॅसेट चावली. माझ्या आतला रबरी पट्टा सैल झालाय. खालच्या मजल्यावरची अनघा तेव्हा म्हणाली होती, "हा खोका अजून ठेवलाय? लाव की स्टिकर!" तेव्हापासून स्टिकर हा शब्द ऐकला की माझ्या आतली चाकं थरथरतात.

पण ह्या आठवड्यात कळलं की त्याहून मोठी भीतीही असते.

मंगळवारी अंबरीष ऑफिसात श्वास लागून खाली बसला. फुप्फुसाला बारीक भोक पडून हवा गळत होती. वर्षभरात ही दुसरी वेळ. इस्पितळात त्याच्या छातीत नळी घातली आहे. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले: नळी ठेवून भोक आपोआप बुजायची वाट बघायची, नाहीतर सोमवारी ऑपरेशन. काय ते शनिवारी दुपारपर्यंत सांगा म्हणाले. हे सगळं जपानीत. सुलेखाला निम्मंच समजलं. उरलेलं उत्तराने सांगितलं, आईचा पदर धरून, शाळेतली कविता म्हणावी तशा स्वरात.

हे मला कळलं ते सुलेखा अनघाशी बोलत होती त्यातून.

"आणि हा काय म्हणतो माहितीये? 'तूच ठरव. तू निवडलेली प्रत्येक मॅच बघणेबल निघते. आणि हो, रविवारची टेप लाव, मी येऊन बघणार आहे.'" ती हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही. "अनघा, ऑपरेशन म्हणजे काय मॅच आहे का गं?"

"नाही गं. पण त्याचा विश्वास आहे तुझ्यावर." अनघाने आमटीचा डबा पुढे सरकवला. "तू आधी दोन घास खा. चेहरा बघ, त्या खोक्यासारखा काळा झालाय."

शुक्रवारी सुलेखाने एकटीने यादी पसरली. शेजारी शोधले. उत्तराने फूल काढलं. मग ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. टायमर आजवर अंबरीषच लावायचा.

आता चूक कशी झाली ते ऐका. रविवारसाठी जपानीत एक खूण आहे, दोन तावदानांच्या खिडकीसारखी. उत्तराच्या शाळेच्या तक्त्यावर ती लाल रंगात असते, म्हणून सुलेखाच्या ओळखीची. माझ्या पडद्यावर ती खिडकी शोधत गेली आणि तिला लगेच सापडली: चौदा, आणि पुढे खिडकी. यादीवरही चौदाच तारीख होती. तिने बटण दाबलं.

पण मित्रांनो, तीच खिडकी जपानीत प्रत्येक तारखेच्याही पुढे असते. तेरापुढे, चौदापुढे, पंधरापुढे. तिथे तिचा अर्थ नुसता 'तारीख'. चौदा तारीख अमेरिकेतल्या शनिवारची. इथे जपानात तेव्हा पंधरा उजाडते.

म्हणून शनिवारी मी टक् केलं. त्या आवाजाने तिला धीर आला. "बघ, लागलं की नीट," ती उत्तराचे केस विंचरताना म्हणाली. "होईल सगळं नीट." त्या धीरावरच ती इस्पितळात गेली आणि ऑपरेशनच्या कागदावर सही करून आली.

दिवसभर मी ओरडत होतो. पण यंत्राचं ओरडणं म्हणजे नुसती घरघर.

संध्याकाळी परतल्यावर ती म्हणाली, "पाचच मिनिटं बघू. बाबाला सांगता येईल." टेप लागली. पडद्यावर एक हसरी बाई तेल न घालता अंडं तळत होती. मग तेच अंडं दुसऱ्या तव्यात. अख्खी कॅसेट पुढे पळवली तरी सगळीकडे तवेच तवे.

उत्तरा खो खो हसली. सुलेखा हसली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"चुकलं माझं," ती हळूच म्हणाली. "एवढं साधं चुकलं. मग ते दुसरं..."

तिने पुढचं ओठांत दाबलं. पण मला समजलं. माझा टक् हाच होकार समजून तिने सही केली होती. मी खोटी साक्ष दिली होती, मित्रांनो. त्या क्षणी कुणी माझ्यावर स्टिकर लावलं असतं तर मी हूं की चूं केलं नसतं.

उत्तरा रांगत माझ्यापाशी आली. तिने टायमर उघडून माझ्या पडद्यावर बोट ठेवलं. "चिगाउ, आई! चूक आहे हे. ही रविवारची, निचियोबीची खूण नाही, ही तारखेची निची आहे. रविवार इकडे कंसात असतो. हा बघ, पंधराच्या पुढे."

"तुला येतं लावता?"

"येतं ना. बाबाचं बघून."

आज रविवार. सकाळी नऊला दोघी माझ्यासमोर हातात हात घालून बसल्या. मी इतका भ्यालो नव्हतो कधी. आतला पट्टा सैल, कॅसेट एकच, आणि वाट बघणारा माणूस छातीत नळी घेऊन पडलेला. टक् केलं. एकेक इंच टेप मी जिवापाड सांभाळून ओढली. मध्येच एक खेळाडू पडला आणि उठेचना. सुलेखाने उत्तराचा हात इतका घट्ट धरला की ती "दुखतंय आई" म्हणाली. मग तो उठला, लंगडत बाजूला गेला. कोण जिंकलं ते दोघींनाही समजलं नाही. पण टेप अख्खी आली, एकही सुरकुती नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी जुनं असेल तर त्याची पाठ अधूनमधून पुसा. सैल झालेला पट्टा बदलता येतो, तो आधी बदलून बघा. आणि घरात कुणावर एकट्याने निवडायची वेळ आली, तर त्याच्याजवळ बसा. निवड चुकेल की बरोबर येईल, हे आम्हा यंत्रांना विचारू नका. आम्ही फक्त टक् करतो.

उद्या सोमवार. सुलेखाने कॅसेटवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'अंबरीष आल्यावर.' ती आता माझ्या काचेवरची धूळ पदराने पुसते आहे, पुसून झाली तरी पुसतेच आहे. टेबलावर ती यादी पडली आहे. नऊ नावं, एक लाल फूल.

उत्तरा कधीची फूल नसलेल्या त्या आठ ओळींकडे बघत होती. आता तिने पेन्सिल खाली ठेवली.

"आई, जी मॅच आपण घेतली नाही, तीच चांगली होती की नाही, हे आपल्याला कसं कळणार?"