घरचे फोन

एकवीस वर्षं मी या दवाखान्याच्या काउंटरवर बसते, आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या पेशंटना ठाऊक आहे. फोन आला की ताप कधीपासून, उलट्या किती, ते मी विचारायचं. नंबर द्यायचा की दोन शब्द सांगून फोनवरच भागवायचं, तेही मीच ठरवायचं. डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही आहात म्हणून मला दोन घास खायला वेळ मिळतो." ऐकून मी फुगायचे. खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी वेबसाइट करायला घेतली आणि काम दिलं माझ्या भाचीला. ती हेच करते. मी तिच्यासाठी शब्द टाकला नव्हता. घरच्यांसाठी मी कधीच शब्द टाकत नाही. वेबसाइटवर दर आठवड्याला ब्लॉग हवा, म्हणून तिने कुठून कुठून वीस विषय काढून आणले. पाणी पिण्याचे फायदे, झोपेचे फायदे, चालण्याचे फायदे. डॉक्टरांनी कागद बाजूला सारला.

"हे सगळीकडे आहे. आपले लोक काय विचारतात ते लिही. बाई, तुमची फोनची वही द्या हिला."

वही मी खणातून काढली, पण लगेच तिच्या हातात दिली नाही.

वहीची पद्धत माझीच. तारीख, नाव, काय विचारलं. नंबर दिला तर बरोबरची खूण, सांगून भागलं तर शून्य. आणि फोन घरच्या माणसाचा असेल तर नुसता 'घ', पुढे काही लिहायचं नाही. घरच्यांना फोनवर नंबर मिळणार नाही, हा माझा नियम. बाई आपलीच माणसं आत सोडते, असं कुणी म्हणायला नको. यायचं असेल तर इतरांसारखं येऊन बसा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते मी विकूच दिलं नाही.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर भाची स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. डॉक्टर आतल्या खोलीत डबा खात होते. ती वही वाचत होती आणि हसत होती.

"'गोळी चावून खाल्ली, आता काय होईल?' मावशी, हा तर झालाच विषय. आणि हा बघ, 'पथ्य मोडलंय, डॉक्टरांना सांगावं की लपवावं?'"

तिची आई, म्हणजे माझी ताई, जाऊन आठ महिने झाले होते. त्यानंतर पोरीला हसताना मी पहिल्यांदा पाहत होते.

पानं उलटता उलटता ती थांबली. "हे 'घ' काय गं?"

"घरचे फोन. सोड ते, त्यात काही नसतं."

तिने सोडलं. तिच्या बोटाखालून तीन 'घ' निघून गेले आणि तिला पत्ताही लागला नाही. कुणालाच कधी लागला नसता. ते फोन फक्त ताईला आणि मला माहीत होते.

एकोणीस विषय झाले. तिने लॅपटॉपवरून मान वर केली. "एकच राहिला. तू सांग ना एखादा, तुझ्या मनातला."

सर्दीत डोक्यावरून आंघोळ करावी का, असं काहीतरी सांगून मोकळी झाले असते. पण ती माझ्याकडे इतक्या भरवशाने बघत होती की माझ्याने खोटं रेटवेना.

"लिही. संध्याकाळी पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो. वाट बघावी की दाखवावं?"

तिने भराभर टाइप केलं. "मस्त आहे. कोणी विचारलं होतं?"

"तुझ्या आईने."

तिची बोटं थांबली. मी मात्र थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा बोलले नसते. "तीनदा फोन केला तिने. आधी पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं, दिवसभर उभी असतेस, पायाखाली उशी घे. मग पंधरा दिवसांनी म्हणाली, दम लागतो. मी म्हटलं, डोक्याखाली आणखी एक घे. तिसऱ्यांदा नुसतं विचारलं, गर्दी आहे का गं. मी म्हटलं, ताई, चौदा माणसं बसलीत. मग राहू दे, म्हणाली."

चौथ्या दिवशी ताई गेली. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साचत होतं, असं हॉस्पिटलवाल्यांनी सांगितलं. आधी आणायला हवं होतं, म्हणाले. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर मान हलवली होती.

पोरगी मला वाटेल ते बोलली असती तर बरं झालं असतं. तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"उशा मीच लावायचे," ती म्हणाली. "एक पायाखाली, दोन डोक्याखाली. दाखवून येऊ म्हटलं की आई म्हणायची, मावशीला विचारलंय. ती दवाखान्यात असते, तिला कळतं."

मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "उत्तर सांग. मी लिहिते."

एकवीस वर्षं मी ज्याला त्याला उत्तरं देत आले होते.

"मला नाही कळत," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारून येते."

मी उठले आणि त्यांच्या दारापर्यंत गेले. दहा पावलं होती. ताईचे फोन आले तेव्हाही दहाच होती.