माळ घातलेला प्रिंटर

दसऱ्याच्या दुपारी बारा वाजता, बमरोलीतल्या घराच्या वरच्या खोलीत, नूतननं प्रिंटची कमांड दिली आणि पडद्यावर उत्तर आलं: प्रिंटर सापडत नाही.

प्रिंटर खाली होता, थोरले दीर योगराज यांच्या कॉम्प्युटरला जोडलेला. जिन्यातून नेलेल्या एका वायरीवर दोघांचं काम भागायचं. फक्त खालचं मशीन बंद असलं की वरून पान निघत नसे.

आज ते बंद होतं. सासू भागीरथीनं सकाळीच त्याला नि प्रिंटरला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली होती. योगराज पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये पूजेला गेले होते.

खाली दाराच्या पायरीवर शेजारचे हिलालअप्पा खोळंबले होते. त्यांच्या मुलीला बघायला आलेले अमळनेरचे पाहुणे दुपारच्या गाडीनं परतणार होते, आणि मुलीची माहिती अप्पांना त्यांच्यासोबत छापून द्यायची होती. मागच्या पाहुण्यांनी हातानं लिहिलेला कागद बघून नाक मुरडलं होतं. टायपिंगची दुकानं आज सगळी बंद.

नूतन खाली आली. "आई, पाच मिनिटं चालू करू?"

"आज यंत्रले सुटी शे. तुनं वरलं चालस ना?"

"चालस, पन कागद इथूनच निघस."

"दोन दोन मशीनी, अन् तोंड एकच?"

हिलालअप्पा हसले. भागीरथी हसली नाही. तिच्या नवऱ्याची, राघोची, दोन बोटं लूममध्ये गेली ती दसऱ्यालाच. शेठनं अर्धा दिवस काम करायला लावलं होतं. दसऱ्याला यंत्र चालवलं की ते आपल्या माणसावर उलटतं, असं ती तेव्हापासून मानायची. नूतनला ते माहीत होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

हिलालअप्पा उठले. "ऱ्हाऊ द्या वहिनी. हातनं लिखी लेसू."

"पोर कितवी शिकेल शे?" भागीरथीनं विचारलं.

"बारावी."

इतकी शिकलेली पोर कागदापायी अडू नये म्हणून भागीरथीनं माळ उतरवली, कपाळाला लावली. "कर. पन मना योगराजनं मशीन शे. लवकर बंद कर."

पान निघालं. घडी पडू नये म्हणून हिलालअप्पा ते दोन्ही हातांत धरून पळाले. नूतननं मशीन बंद केलं, भागीरथीनं माळ पुन्हा घातली.

योगराज चारला येणार होते. सहा वाजले. मिलमधला फोन कुणी उचलत नव्हतं. ताटात आपट्याची पानं तशीच पडून होती. भागीरथी दारात उभी, नूतन तिच्या मागे. रस्त्यावरून सायकली येत होत्या. योगराजची अजून आली नव्हती.