चौकटीवरचा बूट

आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त खाण्यासाठी आणली जायची. माझे वडील रावसाहेब शेजवळ औरंगाबादला शाळामास्तर होते. गल्लीत कुणी नव्या बांधकामावर काळी बाहुली किंवा फाटका बूट टांगला, की ते शिडी लावून स्वतः काढायचे आणि वर घरमालकाला अर्धा तास सुनवायचे. असलं काही दिसलं की माझं डोकं फिरतं, ते तिथून.

आणि माझी बायको दीप्ती सिंगापुरात बसून इंग्रजांच्या जादूटोण्यावर पीएचडी करत होती!

"आपल्याकडची भुतं कमी पडली का?" असं मी तिला चिडवायचो. ती शांतपणे सांगत राहायची. साहेब आपल्याला अडाणी म्हणत होता, तेव्हा त्याच्याच गावाकडच्या घरात चुलीखाली टाचण्या आणि लघवी भरलेली बाटली पुरलेली असायची. घरधनी वारला तर पोळ्याजवळ जाऊन मधमाश्यांना रीतसर कळवायचं, नाहीतर त्या निघून जातात म्हणे. मी पोट धरून हसलो. दीप्ती हसली नाही.

"घाबरलेली माणसं होती, नागसेन. पोरं पटापट मरायची. त्यांना काय हसायचं?"

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण अडलं होतं. हे इंग्रज इकडे सिंगापुरात आले तेव्हा आपल्या समजुती बरोबर घेऊन आले का, असा त्यातला प्रश्न. पत्रांमध्ये दोन-तीन पुसट उल्लेख सापडले होते, पण तिच्या गाइडनं स्पष्ट सांगितलं, एखादी वस्तू दाखव, नाहीतर प्रकरण काढून टाक. दोन वर्षं ती जुन्या नोंदी उपसत होती, जुन्या बंगल्यांच्या मालकांना पत्रं लिहीत होती. सकाळी आमच्या पुंगोलच्या घरून पहिल्या गाडीनं निघायची आणि हात हलवत परत यायची. तिच्या चिकाटीचं मला कौतुक वाटायचं. विषयाचं नव्हे.

२०१५च्या मार्चमधला शनिवार. साइट इंजिनिअर म्हणून एका टेकडीवरच्या ब्रिटिश काळातल्या बंगल्याची दुरुस्ती माझ्याकडे होती. मागच्या दाराची चौकट वाळवीनं खाल्ली होती, म्हणून वरचा गिलावा फोडला. आत एका विटेएवढी पोकळी आणि पोकळीत लहान मुलाचा एकच बूट. चामडं वाळून लाकूड झालेलं, पुढचं टोक झिजलेलं.

कंत्राटदाराचा सुपरवायझर मिस्टर टॅन डोकावून म्हणाला, "दिस वन युअर इंडिया स्टाइल, इज इट?"

माझे कान तापले. आपल्याकडून आणलेल्या एखाद्या मजुराचा हा उद्योग, याबद्दल मला तिळमात्र शंका आली नाही. शंभर वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आले आणि येताना हा कचराही घेऊन आले! मी बूट उचलला आणि राडारोड्याच्या कंटेनरमध्ये भिरकावला. छान वाटलं. बाबांची शिडी आठवली.

दुपारी घरी जेवताना मी हा किस्सा रंगवून सांगितला. दीप्तीचा घास हातातच राहिला.

"कुठं होता?"

"दाराच्या वर, भिंतीत."

"एकच होता? लहान मुलाचा? झिजलेला?"

तिच्या एकेका प्रश्नाला मी मान हलवत गेलो. बुटांबद्दल ती मला बोलली नव्हती असं नाही. इंग्लंडात धुराड्यात, दारावर, भिंतीत पोराचा वापरलेला बूट लपवायचे, म्हणजे वाईट काही घरात शिरत नाही, हे तिनं दहा वेळा सांगितलं होतं. मी भाजी निवडत 'हं' म्हणालो होतो. माझ्या डोक्यात इंग्रज म्हणजे पूल आणि रेल्वे. बूट टांगणारे फक्त आपण.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

टॅक्सीनं पोहोचलो तेव्हा कंटेनरची जागा रिकामी होती. दोन वाजताच उचलून नेला होता. फोन केले, तर माल केव्हाच दुसऱ्या ढिगात मिसळला होता. मी आयुष्यात एवढा खजील कधी झालो नव्हतो. तिनं मला चार शिव्या द्यायला हव्या होत्या. ती फुटलेल्या गिलाव्यापुढे उभी राहून पोकळी बघत होती.

"तू फोडल्यावर फोटो काढतोस ना?"

काढतो. कुठलीही भिंत उघडली की हात लावण्याआधी टेप धरून, खडूनं तारीख लिहून फोटो काढायचा, ही माझी पंधरा वर्षांची सवय. रागाच्या भरातही हातानं ते केलं होतं. फोनमध्ये बूट आपल्या जागी बसलेला होता, शेजारी टेप आणि तारीख. दीप्तीनं फोटो मोठा केला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण फोटो पाठवल्यावर प्रबंध तपासणाऱ्या समितीचं उत्तर आलं ते थंडगार. वस्तू गायब, फोटो नवऱ्याचा. ज्यानं भिंत उघडली आणि वस्तू फेकली त्याचं नावानिशी, सहीचं निवेदन हवं.

इथं पेच होता. जुन्या वास्तूत काही सापडलं तर मालकाला कळवायचं, हा आमच्या कंपनीचा नियम. तो मोडल्याची कबुली मीच द्यायची होती.

"नको," दीप्ती म्हणाली. "तुझी नोकरी आहे, आपला इथं राहायचा पास तिच्यावर आहे. मी ते प्रकरण काढून टाकते."

दोन वर्षांची मेहनत ती एका वाक्यात सोडायला निघाली होती, माझ्यासाठी. मी चिडून बाल्कनीत गेलो आणि बाबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"मी तुला फेकायला शिकवलं," शिडीवाले रावसाहेब म्हणाले. "आधी नीट बघायचं, ते शिकवायचं राहिलं. सही कर."

केली. कंपनीनं लेखी ताकीद दिली आणि बंगला माझ्याकडून काढून घेतला. नोकरी टिकली. निवेदनामुळे दीप्तीचं प्रकरणही टिकलं.

छापलेला प्रबंध घरी आला तेव्हा मी आधी चौथं प्रकरण उघडलं. मनात होतं, बूट इंग्रज आईनंच ठेवला असं तिनं ठामपणे लिहिलं असेल. तसं लिहिणं तिच्या सोयीचं होतं. तिनं लिहिलं होतं:

"हा बूट इंग्रज कुटुंबानं ठेवला की हिंदुस्थानी गवंड्यानं, हे आता सांगता येणार नाही. शिवण आणि चामडं तपासलं असतं तर कदाचित कळलं असतं. तो बूट नागसेन रावसाहेब शेजवळ, साइट इंजिनिअर, यांनी आपल्याच लोकांची अंधश्रद्धा समजून, न तपासता फेकून दिला."

मी ते दोनदा वाचलं. नवरा म्हणून तिनं एक शब्दही सौम्य केला नव्हता, आणि स्वतःच्या बाजूनंही एक शब्द वाढवला नव्हता. मला तिचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. मी त्या पानाचा फोटो काढून बाबांना पाठवला.