तबकडी आणि पिवळे शर्ट

तळ्याची तब्येत तपासणाऱ्या मंडळात सगळ्यात मोठा मान मास्तरांच्या डोळ्यांना होता. बाकीचे लोक बाटल्यांत पाणी भरत, त्यात औषधाचे थेंब टाकत आणि रंग बदलला की माना डोलवत. पण खरा निकाल तबकडीचा. खोली मोजायला गाठी मारलेल्या दोरीला बांधलेली काळी-पांढरी तबकडी होडीतून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की "गेली" म्हणायचं. दोरी जितकी जास्त सुटेल तितकं पाणी नितळ. माणसागणिक नजर वेगळी, म्हणून "गेली" म्हणण्याचा अधिकार एकालाच, हा मंडळाचा नियम. मास्तरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली. त्यांच्या नजरेवर नजर ठेवण्याची कुणाची छाती नव्हती.

वर्षभर तबकडी लवकर लवकर जाऊ लागली होती. बाटल्यांच्या मते पाणी ठीक होतं, म्हणून मंडळाने नव्या बाटल्या आणल्या.

संशय गेला काठावरच्या कपडे धुण्याच्या कारखान्यावर. कारखाना मास्तरांच्या व्याह्यांचा. या खेपेलाही तबकडी लवकर गेली, तर तो बंद करायची मागणी करायची, असं ठरलं.

"लेक दिलीय त्या घरात," मास्तरांची बायको म्हणाली. "जरा जपून बोला."

"मी कुठे बोलतोय? तबकडी बोलते. आणि तळं राहू दे, माझे शर्ट बघ! त्यांचा कारखाना पांढरे नेतो, पिवळे करून आणतो."

"पांढरेच आहेत हो."

"तुला लेकीच्या मायेपोटी तसे दिसतात."

त्या सकाळी व्याही स्वतः होडीत येऊन बसले. होडी त्यांच्या बाजूला कलली, बाकी कुणी नाही. वल्ही मंडळाच्या अध्यक्षांकडे. त्या दातांच्या निवृत्त डॉक्टरीणबाई. मास्तरांनी दोरी सोडली, थोडीशीच, आणि थांबले.

"गेली."

"कुठे गेली?" व्याही वाकले. "ही काय, दिसतेय की!"

"तुम्हाला दिसणारच. कारखाना तुमचा आहे."

"मग बाई, तुम्ही बघा."

बाईंनी आजवर कधी वाकून पाहिलं नव्हतं, नियमच होता. त्या वाकल्या. मग दात उपटण्याआधी पेशंटशी बोलायच्या, त्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, दिसतेय हो. अगदी स्पष्ट."

मास्तरांनी पुन्हा पाहिलं. पाणी फिक्या चहासारखं. त्यांनी मान वर केली. बाईंची टोपी, व्याह्यांचा शर्ट, काठावरचे बगळे, सगळं त्याच चहात बुचकळून काढलेलं. व्याही काहीही करू शकतात, हे मास्तरांना मान्य होतं. पण बगळे धुलाईला जात नसत.

"नियमाने तुमचाच शब्द धरायचा," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचं 'गेली' लिहू?"

व्याह्यांनी श्वास रोखला. मास्तरांनी एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा व्याह्यांकडे. हो म्हटलं असतं तर होडीतली जागा आणि नजरेचा मान, दोन्ही राहणार होतं.

"नका लिहू," ते म्हणाले. "तबकडी आहे तिथेच आहे. बिघडलंय ते माझ्याकडे. आजपासून बघायचं तुम्ही. मी दोरी सोडतो."

दोरी सुटत गेली. जुन्या ओळखीची एकेक गाठ बोटांतून निसटली, वर्षापूर्वीचीही निसटली, आणि मग कुठे बाई म्हणाल्या, "गेली."

व्याह्यांनी श्वास सोडला. होडी तेवढी हलली. "वर्षभर तुमचे शर्ट दोन-दोनदा धुतोय, बुवा," ते म्हणाले. "कॉलरी विरल्या, पण तुमचं समाधान होईना."

घरी येऊन मास्तरांनी कपाटातून एक शर्ट काढला आणि बायकोपुढे धरला.

"हा पांढरा आहे?"

"शुभ्र."

त्यांनी तो अंगात घातला. कॉलर खरंच विरली होती.

"डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी," ते म्हणाले.

"घेतलेली आहे."

"कधी?"

"शर्टावरून पहिल्यांदा भांडलात तेव्हाच. तेव्हापासून पुढे ढकलत आलेय."