मुंजाबाला हवा होता मऊ फोम

मंजुषा चिकलठाण्यातल्या एका कार्यशाळेत दुखऱ्या पायांसाठी बुटात घालायचे इनसोल बनवायची. तिच्या टेबलावर मुंजाबानं नवी जोडी आदळली. जन्म मेंढ्यांमागं चालण्यात गेलेला; आता साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले आणि तळव्याला जखम.

"दगड दिलास व्हय गं? अंगठ्यानं दाबलं तरी दबत नाय. मऊ फोम टाक."

"मऊ फोम तुमच्या वजनानं चपटा होईल, बाबा. जखम चिघळेल."

"लई शिकलीस! पाय माझा हाय."

मंजुषाचं डोकं तापलं. तिनं टेबलावर खडा ठेवला आणि त्यावर मऊ फोमचा तुकडा. "दाबा तळहातानं, सगळा जोर लावून."

मुंजाबानं इरेला पेटून दाबलं आणि हात झटकन मागं घेतला. खडा टोचला होता. मग तिनं खड्यावर त्याचाच इनसोल ठेवला. त्यानं दोनदा दाबलं. काही टोचलं नाही.

"हाताला कळलं म्हणून काढलात. पायाला कळलंच नसतं," ती म्हणाली.

त्यानं जोडी उचलली आणि निघून गेला.

दोन महिन्यांनी तो परत आला, तेव्हा मुद्दाम दुसऱ्या कारागिरासमोर बसला. मंजुषाकडं त्यानं पाहिलंही नाही. तिनं मात्र लांबूनच त्याचा तळवा बघून घेतला. जखम भरली होती.